आण्णासाहेबांची हरळी

"आज अंघोळ न्हाय," कडूबाई म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड करून पडल्या.

हर्षाली कढत पाण्याची बादली घेऊन दारातच थांबली. आठवडाभर सासूबाईंचं हेच चाललं होतं. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना चाकाच्या खुर्चीवरून न्हाणीत न्यावं लागे, आणि यंदाच्या उन्हाळ्यात कळंबात पाण्याचे हाल. सुनेकडून सगळं करून घेताना माणसानं लाजावं तरी किती? बाईंच्या मनानं घेतलं होतं, की आपण आता पाण्यालासुद्धा भार झालोय.

"म्या काय रानात जातीय व्हय? ते पाणी हरळीला घाल. वाळाय लागली बघ."

खिडकीबाहेर हरळी खरंच पिवळी पडत चालली होती. ती आण्णासाहेबांनी, हर्षालीच्या सासऱ्यांनी लावलेली. या गड्यानं जन्मभर शेतातली हरळी शिव्या देत खणून काढली, आणि गाव सोडून इथं राहायला आल्यावर तीच बांधावरून पोत्यात घालून आणली. का, तर हरळी म्हणजेच दूर्वा, आणि बायकोला चतुर्थीला गणपतीसाठी दूर्वा लागायच्या. आता आण्णासाहेब नव्हते, हरळी होती. बाई दिवसभर तिच्याकडंच बघत पडायच्या. चतुर्थीला हर्षाली दूर्वा खुडून आणायची आणि जुडी बाई पलंगावर बसून स्वतः बांधायच्या.

हर्षालीला बोलायचं होतं, पण जीभ रेटेना. त्या हरळीला प्यायच्या पाण्याचा थेंब कधी मिळालाच नव्हता, आणि या टंचाईत न वापरलेलं पाणी तिच्यावर ओतायला हर्षालीचं मन धजत नव्हतं. न्हाणीचं पाणी जमिनीखालच्या नळीतून वाळू-कोळशाच्या खड्ड्यात जायचं, तिथून कर्दळीच्या वाफ्यात, आणि निवळून हरळीला. सगळं आण्णासाहेबांनीच केलेलं. वर सुनेला बजावलेलं, की हिला कळू देऊ नको, अंघोळीच्या पाण्यावर वाढलेल्या दूर्वा देवाला वाहिल्या म्हणून हाय खाईल.

हर्षालीचा नवरा योगीराज नोकरीला लातूरला. घरात दोघीच. हर्षाली अर्ध्या बादलीत उरकायची, त्यामुळं हरळीची सगळी भिस्त सासूबाईंच्या अंघोळीवर. आणि बाई तर हरळीसाठीच अंघोळ सोडून बसलेल्या! सांगावं तर दूर्वा जातील, न सांगावं तर हरळी.

तिनं बादली खाली ठेवली आणि पलंगाच्या कडेला बसली.

"आत्या, तुम्ही अंघोळ केली न्हाय तर हरळी मरंल."

मग तिनं सगळं सांगून टाकलं. नळी, खड्डा, कर्दळ, मामंजींना दिलेला शब्द. सांगता सांगता तिला रडू फुटलं. शब्द मोडल्याचं वाईट वाटत होतंच, पण भीती वेगळीच होती. जुडी बांधताना बाईंच्या तोंडावर जो आनंद यायचा, तो आपणच आज हिरावून घेतला असं तिला वाटत होतं.

कडूबाई उठायची धडपड करू लागल्या. हर्षालीनं पाठीला हात दिला. बाई खिडकीबाहेर बघत बसल्या. मग कोनाड्यातल्या गणपतीकडं बघितलं. गेल्या चतुर्थीची जुडी अजून त्याच्या डोक्यावर होती, सुकलेली.

"म्हंजे माझ्या अंगावरचं पाणी इतकी वर्षं देवाच्या माथ्यावर चढतंय?"

हर्षालीनं मान डोलावली.

"आन ह्यांना ठावं होतं?"

"व्हय."

बाईंनी पदरानं डोळे पुसले. "लबाड माणूस," एवढंच पुटपुटल्या आणि हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या. मग त्यांनी खुर्ची जवळ घ्यायची खूण केली.

"बादली काठोकाठ भर," त्या म्हणाल्या. "आन साबण नको, डाळीचं पीठ घे. साबण देवाच्या डोळ्यात जाईल."