हात बाहेर!

यंत्राचा लोखंडी हात बिस्किटांचे पुडे खोक्यात भरत होता. "मध्ये कुणी हात घातला, की जागीच थांबतं," सोनटक्के साहेब यंत्र बघायला आलेल्या बेकरीच्या मालकीणबाईंना सांगत होते.

"बघू," म्हणत बाईंनी हात घातलाच.

साहेबांच्या हाताखालची प्रोग्रामर केतकी पडद्याकडे धावली. चूक पकडणारं सबरूटीन, म्हणजे प्रोग्रामचा तेवढा तुकडा, तिनंच लिहिलं होतं. चाचणीच्या वेळी साहेब सारखे मध्ये हात घालायचे, म्हणून वैतागून टाकलेला इशारा बदलायचा राहिला होता.

यंत्र थांबलं. पडद्यावर लाल अक्षरं उमटली: "सोनटक्के साहेब, किती वेळा सांगायचं? हात बाहेर!"

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. बाई मात्र पोट धरून हसल्या.

"यंत्र घेतलं," त्या केतकीला म्हणाल्या. "इशारा असाच राहू दे. नाव तेवढं आमच्या ह्यांचं घाल."