थंडीत पळायचे कपडे

लोखंडी सळई बाहीत घालून वेल्डर पंपघराच्या भिंतीआड उभा होता. डोळे तेवढे उघडे ठेवून त्याने मफलर गुंडाळला होता, तरी थंडीने दात वाजत होते. उजाडायला लागलं होतं. बहिणीच्या वसाहतीतून निघालेला हा कालव्याकडेचा रस्ता पुढे वेल्डरच्या घरावरून जात होता, आणि मेहुणा रोज सकाळी याच रस्त्याने पळायला यायचा. धुकं असो, बर्फासारखा वारा असो, पठ्ठ्याचा नेम चुकत नसे.

त्याच्या पळण्याचं कौतुक सगळ्या नात्यागोत्याला तोंडपाठ होतं. जेवायला बसला की सुरू.

"थंडीत पळायचं तर तीन थर पाहिजेत, दादा. आतला अंगाला चिकटलेला, घाम ओढून घेणारा. मधला लोकरीचा. वर वारा अडवणारं जॅकेट. सुती कपडा घातलात तर मेलात. घामाने भिजतो नि अंगावरच गार पडतो."

"बरोबर," वेल्डर म्हणायचा.

"आणि निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. नाही वाजली तर समजायचं, कपडे जास्त झाले."

वेल्डर मान डोलवायचा. जावयापुढे आणखी काय करणार?

ते कपडे धुवायचं काम धाकटीकडे. धाकटी म्हणजे वेल्डरची बहीण. आई गेल्यावर त्यानेच तिला लहानाची मोठी केली होती. पोरगी उंच निघाली. लग्नात नवरानवरी खांद्याला खांदा लावून उभी राहिली तेव्हा, "नवरीला टाचांच्या चपला देऊ नका रे," म्हणून मित्रांनी नवऱ्याला पार भंडावून सोडलं होतं. तोही हसला होता तेव्हा.

गेल्या महिन्यात तो लोकरीचा मधला थर तिच्या हातून गरम पाण्यात पडला. आटून बाळाच्या झबल्याएवढा झाला. मेहुण्याने आवाजही चढवला नाही. तिचा हात दाराच्या चौकटीवर धरला आणि दार लावलं.

"ओरडली नाहीस?" वेल्डरने तिच्या बोटांवरचं प्लास्टर बघत विचारलं होतं.

"ओरडलं की जास्त बसतो रे. गप्प राहिलं की लवकर संपतं."

"काही घेऊ नकोस. नुसती निघ. माझं दार तुला कधी बंद होतं?"

"निघेन. पण त्याचे पाय बघितलेस ना, दादा? मी कोपऱ्यावर पोचायच्या आत तो मला गाठेल. एकदा गाठलंच होतं."

तेव्हाच त्याने ठरवलं. तोंड नाही, डोकं नाही, गुडघा. जन्मभर लंगडला पाहिजे. आणि मारताना तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. आवाज ओळखला तर सगळा राग धाकटीवर निघेल.

बूट फटफट वाजल्याचा आवाज आला. धुक्यातून काळं जॅकेट दिसलं, कानांवर ओढलेली लाल टोपी, नाकापर्यंत चढवलेली गळपट्टी. आज स्वारीने जॅकेटखाली काय काय कोंबलं होतं कोण जाणे, गाठोडंच पळत आल्यासारखं दिसत होतं. दुसऱ्याला शहाणपण शिकवायचं आणि स्वतःला हुडहुडी भरली की अख्खं कपाट अंगावर चढवायचं! तशाही स्थितीत वेल्डरला हसू आलं.

जॅकेट पंपघर ओलांडून पुढे गेलं. वेल्डर मागून निघाला, सळई दोन्ही हातांनी धरली आणि गुडघ्यावर आडवी घातली.

कडकन आवाज झाला. ते शरीर तोंडावर आपटलं. त्याने दुसरा घाव घातला, त्याच गुडघ्यावर. मग दुसऱ्या पायावर. खालून ओरडणं नाही, शिवी नाही. डोक्याभोवती हात घेऊन अंग आक्रसून घेतलं, एवढंच.

त्या गप्प राहण्यानेच वेल्डरचं डोकं फिरलं. एवढा माज? त्याला शिव्या ऐकायच्या होत्या, रडणं ऐकायचं होतं. त्याने पाठीत लाथ घातली, बरगड्यांवर सळई हाणली. तरी नुसत्या धापा. हातमोज्यातला एक हात घसरून रस्त्यावर पडला. तो त्याने टाचेखाली घेतला आणि सगळा भार दिला. धाकटीची बोटं त्याला आठवत होती. खाली काटक्या मोडाव्यात तसं काहीतरी मोडलं.

मग तो थांबला. सळई कालव्यात भिरकावली आणि मागे न बघता घरचा रस्ता धरला.

घरी येऊन त्याने हात धुतले, चहाचं आधण ठेवलं. छाती कित्येक महिन्यांनी हलकी झाली होती. आतल्या खोलीतली खाट त्याने झटकली, तिच्यावर धुतलेली चादर घातली, उशाशी जाड रजई ठेवली. आज नाही तर उद्या ती येईल. आता मागे धावणारं कोणी नाही.

फोन वाजला. धाकटीचा नंबर. नवरा रक्तबंबाळ सापडल्याचं सांगायला असणार. वेल्डरने घसा खाकरला, झोपेतून उठल्यासारखा आवाज काढला.

"बोल गं."

"दादा, मी बोलतोय," पलीकडून मेहुणा म्हणाला. चांगला धडधाकट, ठणठणीत आवाज. "धाकटी तुमच्याकडे आलीय का? फोन इथेच टाकून पहाटे निघून गेलीय. जाईल कुठे, येईल झक मारत. पण माझं जॅकेट, टोपी, बूट, सगळं अंगावर चढवून गेलीय हो ती. आता या थंडीत मी पळायला जाऊ काय घालून?"