ओल्या सारवणावर

पंचावन्न सालच्या हिवाळ्यात वत्सलाबाई पुण्याहून पवनारजवळच्या त्या गावात आल्या, तिथल्या बायांना मनातल्या भावना चालण्यातून दाखवायला शिकवण्यासाठी. आधीच्या शिक्षिका न कळवताच निघून गेल्या होत्या. त्यांची वाजवायची पेटी तेवढी मागं राहिली होती.

पेटीच्या सुरावर बायांनी गोल फिरत आनंद, दुःख, राग चालून दाखवायचा. चार दिवस झाले, तरी बाया विहिरीवरून पाणी आणावं तशाच चालत होत्या.

"अहो, राग म्हणजे राग! आपटा की पाय!" वत्सलाबाई कावल्या.

"सारवन वलं हाये, बाई," म्हातारी कौतिकाबाई म्हणाली. "वल्या सारवनावर आमी राग नाई काढत."

"मग बसा भिंतीशी!"

बाया मुकाट्यानं बसल्या. वत्सलाबाई चिडून एकट्याच रागाची चाल वाजवू लागल्या.

तालावर धप्प असा आवाज झाला. पुन्हा झाला.

सकाळीच सारवलेल्या मोकळ्या जमिनीत एक टाच खोल रुतली, मग दुसरी. गोल धरून पावलं उमटत निघाली. भिंतीशी एकीचाही पाय हलला नव्हता.

वत्सलाबाईंचा भाता ओढणारा हात थिजला आणि सूर विझला.

तशी पावलांनी गोल सोडला. दोन पावलं सरळ पेटीकडे उमटली.

"वाजवत राहा, बाई," कौतिकाबाई खाली मान घालूनच म्हणाली. "मागच्या बाईनंबी चाल अशीच मंधात थांबवली होती."