तळहातावरची माहिती

परदेशी निघालेल्या केतकीने विमानतळावरच्या यंत्रावर तळहात टेकवला. हातावरच्या कणांवरूनच प्रवाशाची सगळी माहिती सरकारदरबारी जमा व्हायची. फॉर्म भरायची कटकट केव्हाच संपली होती.

अधिकारी पडद्याकडे बघत म्हणाला, "दही, साखर आणि दुसऱ्या कुणाचे तरी अश्रू. कुणाचे, तेवढं सांगा. नोंद लागते."

केतकी गडबडली. निघताना आईने हातावर दही घातलं होतं, तेही घुश्शातच. "जा खुशाल, मला काही वाटत नाही," म्हणत ती तडक आत गेली होती.

"आईचे," केतकी म्हणाली आणि तिथूनच तिने घरी फोन लावला. "आई, तू रडत होतीस?"

"कोण म्हणतं?"

"इथलं यंत्र."

आई म्हणाली, "बिघडलं असेल. पोचलीस की आधी फोन कर."