उंबराचं खाचर

"म्हशींची वाट तुमी बुजवली, आणि वर आमालाच इचारता, अजून म्हशी कशाला पाळता?"

हे वाक्य हिरामणच्या तोंडात सहा वर्षं घोळत होतं. ज्यांना ऐकवायचं ते सरकारी साहेब कधी समोर आलेच नाहीत. साहेब नेहमी मीटिंगमध्ये. म्हणून आज ते त्यानं सानपाड्याच्या शोरूममध्ये, गाड्या विकणाऱ्या विपुलला ऐकवलं. विपुलचा यात काय दोष? तो टाय सारखा करत नुसता "हो काका" म्हणाला.

त्याची बायको पुतळा खुर्चीत टेकली होती. नवरा-बायको पहाटेच एपीएमसी मार्केटात जाऊन कोबीचा पाला गोळा करून गोठ्यात टाकून आले होते. रोजचंच ते. डांबर संपतं तिथवर रिक्षा, पुढं खाडीच्या बांधावरून गोठ्यापर्यंत पाऊण किलोमीटर चिखल, आणि गोण्या डोक्यावर. हिरामणचे गुडघे गेले होते. पुतळाची मान गेली होती. पोरानं, हरेशनं, परस्पर व्यापाऱ्याला शब्द दिला होता. रविवारी या, चारही म्हशी घेऊन जा. भांडण झालं तेव्हा त्यानंच मोबाईलवर ही जाड चाकांची गाडी दाखवली. एटीव्ही. चिखलात घाला, चढावर घाला, मागं ट्रॉली जोडा. "घेताय तर रविवारच्या आत घ्या. नायतर म्हशी जातील," म्हणाला.

आज शुक्रवार होता.

"काका, गाडी फिरणार कुठे कुठे? तसं मॉडेल सांगतो," विपुल म्हणाला.

"मार्केटाच्या मागनं उंबराच्या खाचरात उतरायचं. खाचरातनं सरळ उघाडी."

"उघाडी?"

"भरतीचं पानी अडवायचं दार रं. तिथनं बांध. बांधाच्या टोकाला गोठा."

"म्हणजे सगळं शेतातूनच?"

"शेतातनंच. बापाचं खाचर हाय."

विपुल एकदम खूश झाला. शेतकरी गिऱ्हाईक त्याला वर्षात पहिल्यांदाच मिळालं होतं. एरवी येत ते रिसॉर्टवाले, नाहीतर बिल्डरांची पोरं. त्यानं लाल गाडी दाखवली. हिरामणनं मागचं हँडल धरून हलवली. खेळणं होतं ते. मग हिरवी दाखवली. ती चालू केली तशी पुतळा पहिल्यांदा बोलली.

"बंद कर, बंद कर. हिचा आवाज ऐकून चांदी पान्हा चोरंल."

"चांदी कोण, काकी?"

"तुझी मावशी," पुतळा म्हणाली. हिरामण खूप दिवसांनी हसला.

तिसरी मातकट रंगाची होती. चारही चाकांना ताकद, आवाज खालच्या पट्टीतला. हिरामणनं पँट वर सारली. त्याच्या नडगीवर चिखलाची एक रेघ होती. बांधावरचा चिखल जिथवर येतो, तिथवर कातडीच काळी पडलेली. साबणानं जात नव्हती. तो पाय त्यानं गाडीला लावला. गाडीचं पोट रेघेच्या वर चार बोटं राहिलं.

"ही," तो म्हणाला.

गाडी निवडायची ही रीत विपुलनं कधी पाहिली नव्हती. त्यानं कौतुकानं मान हलवली आणि फॉर्म काढला.

"एकच सही, काका. या गाडीला नंबर प्लेट मिळत नाही. रस्त्यावर आणायची नाही, फक्त स्वतःच्या जमिनीत चालवायची. तुमचं तर काय, शेतच आहे. पत्ता सांगा शेताचा."

हिरामण उठला. काचेच्या दारापाशी गेला आणि बाहेर बोट दाखवलं.

"हे काय. तुझ्या दारासमोर."

बाहेर हायवे होता. ट्रेलरमागे ट्रेलर चालले होते.

"कुठे?"

"तो सिग्नल दिसतो ना, तिथं उंबर होता."

विपुल हसला. पुतळा हसली नाही. त्यांच्या घरात त्या रस्त्याला कोणीच कधी हायवे म्हटलं नव्हतं. हरेशसुद्धा ऑफिसातून फोन करायचा तो असा, "आई, खाचरात ट्रॅफिक हाय, उशीर होईल." जमीन गेली, पण जिभेवरून नाव गेलं नाही. जमिनीच्या बदल्यात जो फ्लॅट मिळाला तो सातव्या मजल्यावर. स्वतःच्या जागेतच गाडी चालवायची तर आधी ती लिफ्टमध्ये मावायला हवी होती.

"काका, तो रोड आहे," विपुल हळूच म्हणाला. "रोडवर ही नाही चालत. पोलीस उचलून नेतील."

"मग बांधावर?"

"बांध तुमच्या नावावर आहे?"

हिरामण टेबलापाशी परतला. पेन घेतलं, जमिनीच्या रकान्यात वाकड्या अक्षरात 'उंबराचं खाचर' लिहिलं, खाली सही केली. विपुलनं कागद वाचला आणि तो घडी न घालता परत त्याच्यापुढे सरकवला.

"हे नाही चालणार, काका. सॉरी."

पुतळानं रिकामी गोणी झटकून काखेत मारली. चांदीची धार काढायची वेळ झाली होती. हिरामण दारापर्यंत गेला. तिथून परत आला आणि कागद उलटा करून त्याची कोरी बाजू विपुलपुढे ठेवली.

"गाडी ऱ्हाऊ दे, बाला. तुझ्या सायबाला फोन लाव, त्याला त्याच्या सायबाला लावाया सांग. रोज डोक्यावर गोनी घेऊन मी चालतो, तो कोनाच्या जमिनीतनं चालतो? तेवढं मना लिवून दे."