इलेक्ट्रॉनला न दिसणारी वस्तू

पाच वर्षं खपून मधुरिमानं एक गणित सोडवलं होतं: वस्तूभोवती असं आवरण घालायचं, की इलेक्ट्रॉनची लाट तिला वळसा घालून पुढे निघून जाईल, जणू तिथं काही नव्हतंच. आज इंदूरच्या कॉलेजात तिचे गाइड कानिटकरसर ते काम मांडणार होते. सभागृहात पडदा अजून आला नव्हता, म्हणून स्लाइड थेट भिंतीवर पडत होती. तिच्यावर नाव एकट्या सरांचं.

"सर, माझं नाव राहिलं," पहिल्या रांगेतून मधुरिमा म्हणाली.

"अगं, होता है! नाव काय, पुढे-मागे लागेलच. तू जरा पोहे-जलेबीचं बघून घे, बेटा."

मधुरिमा उठली. दाराकडे न जाता ती भिंतीपाशी गेली, पर्समधून परमनंट मार्कर काढला आणि सरांच्या नावाखाली ठळक अक्षरांत स्वतःचं नाव लिहिलं.

"अरे, ये क्या कर दिया!" म्हणत सरांनी घाईघाईनं पुढची स्लाइड लावली. मग तिच्या पुढची. मग एकदम शेवटची.



नाव प्रत्येक स्लाइडवर होतं.