पाठवणारी

सत्यवतीने 'मूळ संदेश दाखवा' या शब्दांवर क्लिक केलं आणि पडद्यावर पत्राची आतली बाजू उघडली.

एरवी ईमेलच्या माथ्यावर चारच ओळी दिसतात. त्यांच्या मागे आणखी बऱ्याच ओळी असतात. पत्र कुठून निघालं, कोणत्या वाटेने आलं, खरोखर कोणी पाठवलं. ती नोकरी करत होती त्या कॉलेजच्या ऑफिसात प्राचार्यांच्या नावाने खोट्या मेल येऊ लागल्या, तेव्हा सगळ्या कर्मचाऱ्यांना हे हेडर वाचायला शिकवलं गेलं. "वरचं नाव कोणीही घालू शकतो," शिकवणारे म्हणाले होते, "खाली पाठवणाऱ्याची वेगळी ओळ आहे का, ते बघा." सराव म्हणून सत्यवतीने घरी येऊन स्वतःचीच एक जुनी मेल उघडली. लग्न ठरण्याच्या दिवसांत, ती अकोल्याला माहेरी असताना, श्यामसुंदरने पाठवलेली.

वर नाव श्यामसुंदरचं होतं. पाठवणाऱ्याच्या ओळीत भानुमती होती.

तिने दुसरी मेल उघडली. मग तिसरी. श्यामसुंदरच्या नावाने आलेली प्रत्येक मेल भानुमतीच्या खात्यावरून निघाली होती.

या पत्रांवरच तिने लग्नाला होकार दिला होता. ग्वारीघाटावरचं धुकं, कुंडमच्या रस्त्यावरची मोहाची झाडं, सगळं त्यात होतं. लग्न होऊन ती सासरी, हिंदी मुलखातल्या गढ्याला आली, तेव्हा ते लिहिणारा माणूस "चलो, जेवण लाव" एवढंच बोलत होता. तो हिंदी शाळेत शिकला होता. काही माणसं कागदावरच बोलतात, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

फसवणुकीचा राग नंतर आला. आधी आला तो मत्सर. भानुमती चांगलं लिहीत होती. सत्यवतीपेक्षा चांगलं. आणि सत्यवतीची उत्तरं तिनेच वाचली असणार. सासरी कसं निभेल या भीतीने झोप लागत नाही, हे तिने सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. भानुमतीला ते माहीत होतं. त्यावर भानुमतीने तिची समजूतही काढली होती. ती श्यामसुंदरच्या ऑफिसात असेल. लांब वेणीची असेल. ती पत्रं दोघांनी एका टेबलाशी बसून वाचली असतील, हसत.

श्यामसुंदरच्या पत्रातल्या दोन ओळी तर तिने मैत्रिणींना पाठ म्हणून दाखवल्या होत्या. 'लग्नात तुझं नाव बदलायचं नाही. आईवडिलांनी ठेवलेल्या नावाला माणूस ओ देतो, ते त्याच्याकडून काढून घेऊ नये.' मांडवात भटजींनी तांदळाचं ताट पुढे केलं होतं. तांदळात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची या घराची रीत होती. सासूबाईंनी, पार्वताबाईंनी, ते ताट स्वतःच्या हाताने बाजूला सारलं. मुलाच्या शब्दाला आई मान देते, याचं तेव्हा सत्यवतीला कौतुक वाटलं होतं. आता कळलं, तो शब्द मुलाचा नव्हता. तिचं नावही त्या बाईच्या मेहेरबानीने शिल्लक होतं.

श्यामसुंदर स्कूटर लावून आत आला. स्वयंपाकघरात पार्वताबाई भाकरी थापत होत्या.

"भानुमती कोण?" सत्यवतीने विचारलं.

"कौन भानुमती?"

"नाटक नको. ही पत्रं तू लिहिली?"

त्याने पडद्याकडे पाहिलं. कान लाल झाले. "लग्नाले तीन वर्ष झाले, मॅडम. आता काहून खोदून राहिली?"

"तू लिहिली का नाही, एवढं सांग."

"नाही," तो म्हणाला. "माही मराठी तुले माहीत आहे. दोन ओळीत तू पळून गेली असती."

"मग कोणी लिहिली?"

"ते सांगता नाही येत. कसम घातली आहे."

"तिनं?"

सत्यवतीने कपाटावरची बॅग खाली ओढली आणि साड्या भरायला सुरुवात केली. घड्या घातल्या नाहीत.

"सत्यवती, आईची शपथ, भानुमती नावाच्या कोणा बाईले मी ओळखत नाही."

"जिनं तुझं लग्न जमवलं, तिला तू ओळखत नाहीस."

"खरंच नाही."

"माझ्या मनातलं सगळं तिला ठाऊक. आणि मला तिचा चेहराही माहीत नाही." तिने बॅगेची चेन ओढली. ती अर्ध्यावर अडकली. "उद्याच्या गाडीने मी अकोल्याला चालली. जायच्या आधी तिला माझ्यासमोर आण. बोलाव तिला. हाक मार."

"कोणाले हाक मारू? कोणी असंल तर मारीन ना."

"मग मीच मारते." सत्यवती दाराकडे वळली. शेजाऱ्यांना ऐकू जाईल याची तिला फिकीर राहिली नव्हती. "भानुमती!"

स्वयंपाकघरातला भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"ओ," पार्वताबाई म्हणाल्या.

त्या पिठाच्या हातांनीच दारात येऊन उभ्या राहिल्या. श्यामसुंदर आईकडे बघत राहिला. हे नाव त्याने कधी ऐकलं नव्हतं.

"माझ्या लग्नात," त्या सुनेला म्हणाल्या, "ताट सारणारं कोणी नव्हतं, बाई."